रविवारचा संदेश मंगळवारपर्यंत लक्षात राहत नाही? मग असं करून बघा

चर्चमधून बाहेर पडताना आपण सगळेच म्हणतो, आज संदेश, म्हणजे पाळकांचं प्रवचन, मस्त झाला. आणि मंगळवारी कुणी विचारलं की शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, कुठला होता, तर डोकं खाजवत बसतो. माझं बरीच वर्षं हेच चाललं होतं. घरच्या बायबल वाचनाची कथा वेगळीच, दर जानेवारीत पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरुवात, उत्पत्ती झकास जायचं, पुढच्या निर्गमचा पहिला अर्धा भागही जायचा, मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू झाली की वेग कमी कमी होत तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात गाडी रुतायची ती थेट पुढच्या जानेवारीपर्यंत. चर्चमध्ये एक चाललंय आणि घरी भलतंच, मग डोक्यात टिकणार काय? म्हणून मी आता रविवारचा शास्त्रभाग हाच आठवडाभराचा अभ्यास धरतो. कसं ते सांगतो.

आधी पुढचा शास्त्रभाग कुठला ते माहीत करून घ्या. बऱ्याच चर्चमध्ये बायबलमधलं एखादं पुस्तक ओळीने शिकवतात, काही ठिकाणी वाचनांचं तीन वर्षांचं ठरलेलं चक्र असतं, म्हणजे पुढच्या रविवारी काय आहे ते आधीच कळतं. यातलं काहीच नसेल तर सरळ पाळकांना विचारा, कुणीतरी विचारतंय म्हणून त्यांना बरंच वाटेल. शनिवारी रात्री छोटी प्रार्थना करून तो भाग एकदा मोठ्याने वाचायचा, बस.

संदेश ऐकताना वही ठेवा पण सगळं उतरवत बसू नका, मी आधी तेच करायचो आणि लिहिण्याच्या नादात ऐकायचं राहून जायचं. तीनच गोष्टी लिहा: शास्त्रभाग कुठला, मुख्य मुद्दा एका वाक्यात, आणि आपल्याला पडलेला एक प्रश्न. प्रश्न पडलाच नाही तर बहुतेक लक्ष नव्हतं, हे माझ्यावरूनच सांगतो.

खरं काम सोमवारपासून. ज्या वचनावर संदेश झाला त्याच्या मागचं पुढचं सगळं वाचायचं. आपल्याला वचनं सुटी सुटी वाचायची सवय लागलीय त्याला अध्यायांना आणि वचनांना घातलेले आकडेही थोडे कारणीभूत आहेत. आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी १३व्या शतकातली, आणि नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१ मध्ये रॉबेर एतिएन नावाच्या छापखानावाल्याने घातले. नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने पत्र लिहिलं तेव्हा त्यात एकही आकडा नव्हता, ते अख्खं पत्र मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या लोकांसमोर वाचायचं होतं.

फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ घ्या, ख्रिस्त मला सामर्थ्य देतो म्हणून मी सगळं करू शकतो, अशा अर्थाचं. परीक्षेच्या आधी, मॅचच्या आधी, नवीन धंद्याच्या बोर्डवर, सगळीकडे हेच वचन. आता दोन वचनं मागे जा. पौल म्हणतो, पोट भरलेलं असो की उपाशी असो, भरपूर असो की टंचाई असो, मी समाधानी राहायला शिकलोय. पहिल्या अध्यायात जा, माणूस बंदिवासात आहे. आणि १४व्या वचनात तो म्हणतो की माझ्या अडचणीत तुम्ही वाटा उचललात हे चांगलं केलंत. म्हणजे ते 'सगळं' म्हणजे पहिला नंबर वगैरे नाहीच, उपाशीपोटीही टिकून राहणं आहे, आणि तेही मंडळीच्या मदतीसकट. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा जरा वाईटच वाटलं, पण पुढे कठीण दिवसांत हाच अर्थ कामाला आला. अख्खं पत्र चारच अध्यायांचं आहे, वीसेक मिनिटांत होतं, आठवड्यात तीनदा आरामात वाचून होईल.

वाचताना विचारा की हे कोण कुणाला सांगतंय आणि का सांगतंय. यिर्मया २९:११, तुमच्यासाठी माझे बेत हिताचे आहेत असं देव म्हणतो ते, सगळ्यांना पाठ असतं, पण ते बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय! एखादा शब्द अडला तर दुसरं भाषांतर शेजारी ठेवा. टीकाग्रंथ (बायबलचा अर्थ उलगडणारी पुस्तकं) आणि व्हिडिओ नंतर, आधी स्वतः डोकं लावा.

आता तो वहीतला प्रश्न. तो घेऊन बायबल स्टडीला जा, नाहीतर पाळकांकडे जा. प्रेषितांच्या कृत्यांच्या ८व्या अध्यायात एक कूशी (आफ्रिकेतला) अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय, फिलिप्प नावाचा प्रचारक विचारतो समजतंय का, तर तो म्हणतो, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार. एवढा मोठा अधिकारी, पण सरळ कबूल करून फिलिप्पाला रथात बसवून घेतो. आणि संदेशातलं एखादं पटलं नाही तर? बिरुया शहराचे लोक पौलाचं शिकवणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून बघायचे आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यांचं कौतुकच करतो. फक्त विचारायची पद्धत सांभाळा, 'तुम्ही चुकलात' म्हणू नका, 'मी हे असं वाचलं, तुम्ही कसं वाचता' म्हणा. ऑनलाइन वक्ते मीही ऐकतो, पण आपल्या घरात काय चाललंय ते त्यांना ठाऊक नसतं, आपल्या पाळकांना असतं.

शुक्रवारपर्यंत त्या भागातली एक गोष्ट करून बघायची. 'जास्त प्रेम करेन' असलं मोघम नको, मोजता येईल असं काहीतरी. फिलिप्पैकरांस २:१४ मध्ये कुरकुर न करता सगळं करा असं आहे, तर मी त्या आठवड्यात वहीत प्रत्येक कुरकुरीची एक रेघ मारायचं ठरवलं. सोमवारी दुपारपर्यंत अकरा रेघा झाल्या. बुधवारी बायकोने वही बघितली आणि म्हणाली, 'पान पुरणार नाही तुम्हाला.' त्या वचनावरचे कितीतरी संदेश मी ऐकलेत, लक्षात राहिलं ते हे पान.

मध्ये दिवस बुडले तर मागचं भरून काढत बसू नका, बॅकलॉग साठला की माणूस वहीच उघडत नाही. ज्या दिवशी आठवेल त्या दिवसापासून धरा, आणि शनिवार उजाडला असेल तर पुढचा शास्त्रभाग काढा.