कोकणात बसून मुंबईच्या इंग्रज बिशपचं चरित्र कसं जुळवायचं

दापोली कँपाकडे नायतर रत्नागिरीत जुनी गोऱ्यांची कबर दिसली की फोटोखाली कोणीतरी "ही बिशपची" असं ठोकून देतंच. जरा थांबा, मुंबईचा पहिला बिशप थॉमस कारसुद्धा शेवटी विलायतेत बाथला वारला.

आधी साल बघा. मुंबईला अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, बिशप मिळाला १८३७ मध्ये, त्याआधी १८१४ पासून सगळा कारभार कलकत्त्याच्या बिशपकडे, म्हणजे १८२५ च्या कागदात "बिशप मुंबईत आले" असं असेल तर तो कलकत्त्याचा रेजिनाल्ड हेबर. आणि बाणकोटला १८२३ ला आलेले पाद्री स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, म्हणजे वेगळ्याच प्रोटेस्टंट पंथाचे, त्यांच्यात बिशप हे पदच नसतं, ते बाजूला काढा. वसईकडचे कॅथलिक बिशप तर पूर्ण वेगळी लाईन.

मग माणूस ठरवा. कार १८५१ पर्यंत, हार्डिंग १८६९ पर्यंत, डग्लस १८७५ पर्यंत, मिल्न १८९७ पर्यंत. पुढचे नंतर बघू.

आता खरं काम. क्रॉकफर्डची पाद्र्यांची डिरेक्टरी १८५८ पासून निघते, जुने अंक स्कॅन केलेले सापडतात, त्यात कॉलेज, डीकन (पाद्रीपणाची पहिली पायरी) कधी, प्रीस्ट (पुढची पायरी, पूर्ण पाद्री) कधी, कुठे कुठे नेमणूक हे सगळं दोनचार ओळीत कोंबलेलं असतं. साधारण नियम असा की डीकन २३ व्या वर्षी, प्रीस्ट २४, आणि बिशप तिशीच्या आत नाही, त्यामुळे तुमचा माणूस पंचविशीत बिशप झालेला दिसला तर समजा एकाच नावाचे दोघे मिसळलेत. मिल्नचंच घ्या, ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजात ट्यूटर होता, तिथून थेट मुंबईचा बिशप आणि परत गेल्यावर १९०८ ला मिशनवर पुस्तक, अशी करिअरची साखळी जुळली की अर्धं चरित्र हातात आलं.

सर्च करताना आडनावावर अडकू नका हां! हे लोक सही करताना आडनाव टाकायचेच नाहीत, नावाच्या अक्षरांपुढे आपल्या शहराचं नाव, म्हणून मिल्नची सही "एल. जी. बॉम्बे".

कोकणचा भाग मात्र चिवट आहे. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी चॅप्लेन, म्हणजे तिथे नेमलेला पाद्री, करायचा, त्यात बिशप शोधून उपयोग नाही (या नोंदींच्या प्रती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत). बिशप लागायचा तो कन्फर्मेशनला (बाप्तिस्मा झालेल्यांचा विश्वास पक्का करण्याचा विधी) आणि नवीन चर्च किंवा कब्रस्तान पवित्र करायला, म्हणून तारीख त्या कार्यक्रमांची शोधा. ती भर जुलैतली निघाली तर दोनदा तपासा, पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बोटी बंद असायच्या, साहेब येणार कसा? जोडीला १८८० चं रत्नागिरी गॅझेटिअर उघडून ठेवा. दापोलीच्या मिशन शाळेबद्दल लिहिताना पां. वा. काणे तिथे शिकले हे जरूर घाला, पण शाळा एस.पी.जी. (सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल) या अँग्लिकन मिशनची होती, बिशपने काढली असं कागद मिळाल्याशिवाय लिहू नका.