वेळासला कासवांची पिल्लं बघायला जाताय? मग असं जा

फेब्रुवारी उजाडला की ‘वेळासला कधी जायचं?’ ही विचारणा सुरू होते. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या किल्ल्याजवळचं हे गाव एरवी नाना फडणवीसांचं म्हणून माहीत होतं. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी समुद्री गरुडांच्या कामासाठी इकडे आली आणि त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तोवर ही अंडी कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जायची, माणसंही उकरून न्यायची. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांनाच हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. पुढे वनविभाग आला, त्याचाच खारफुटी आणि किनारा बघणारा कांदळवन कक्ष आला. पण पहाटे काळोखात किनारा तुडवून घरटी शोधणारा, राखणारा माणूस, म्हणजे कासवमित्र, आजही गावचाच असतो.

बघायला जाणाऱ्यानं काय करायचं, ते क्रमानं सांगतो.

१. आधी फोन, मग रजेचा अर्ज

इथे येणारं समुद्री कासव ऑलिव्ह रिडले जातीचं. त्याची मादी कोकणात साधारण डिसेंबर ते मार्च या काळात रात्री वर येते, वाळूत दीडेक फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती फिरकत नाही. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू तापलेली असेल तर लवकर, गार असेल तर उशिरा. (याच उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी, हेही ठरतं. तापलेल्या वाळूत माद्या जास्त निपजतात.)

म्हणजे अमुक दिवशी पिल्लं निघतीलच, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण कोणतं घरटं कधीचं आहे याची नोंद असते. म्हणून निघण्याआधी कासवमित्रांना किंवा जिथे उतरणार त्या घरी फोन करून विचारा, ‘येत्या आठवड्यात कुठल्या घरट्याचे दिवस भरताहेत का?’ शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. गुढीपाडव्याला जोडून आलेली सुट्टी तर नकोच. गर्दीत माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. दोन रात्री राहिलात तर सकाळ-संध्याकाळ धरून तीन-चार संधी मिळतात. दिवसात जाऊन दिवसात यायचा बेत असेल तर सरळ घरी बसा.

२. मुक्काम गावातच करा

लांबच्या रिसॉर्टमध्ये पोहण्याचा तलाव असेल, पण त्याचा पैसा वेळासच्या वाळूपर्यंत पोहोचत नाही. इथे लोक आपल्या घरातच पाहुणे ठेवतात. ज्या घरात मार्च-एप्रिलमध्ये पाहुण्यांमुळे चार पैसे येतात, त्या घरातला माणूस अंडी उकरणाऱ्याला स्वतःच हटकतो. माझ्या मते इथली सगळी राखण या व्यवहारावर उभी आहे, आणि तुमचा सगळ्यात मोठा हातभारही हाच.

घर साधं असेल. माजघरात गाद्या घातलेल्या, न्हाणीघर कदाचित मागच्या अंगाला. जेवण बऱ्याच घरांत शाकाहारी असतं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं, आयत्या वेळी नाही. रोख पैसे बरोबर ठेवा, मोबाइलची रेंज सगळीकडे मिळतेच असं नाही.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळामार्गे बागमांडल्याला या आणि जंगलजेटीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीनं, गाडीसकट खाडी ओलांडा. मुंबईकरांना महामार्गावरून आंबेत-मंडणगड हा रस्ताही आहे. शेवटची जेटी चुकू नये म्हणून उजेडातच खाडीवर पोहोचा.

३. टोपली उचलण्याआधी पोहोचा

पिल्लं साधारण सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला सोडतात. वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या आणि अर्धा तास आधी निघा, कारण शेवटचा टप्पा चालायचा आहे.

किनाऱ्यावर भरतीरेषेच्या वर जाळीचं कुंपण घातलेली हॅचरी दिसेल. वाळूतली अंडी सापडली की ती अलगद काढून, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून इथे पुरतात. प्रत्येक घरट्यापाशी तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी, आणि वर पालथी घातलेली बांबूची टोपली. पाटी वाचा, दिवस मोजा. मुलं बरोबर असतील तर त्यांना मोजू द्या. मग कासवमित्र एकेक टोपली उचलून बघतो. कधी खाली नुसती वाळू. कधी मधोमध किंचित खचलेली वाळू, म्हणजे आत हालचाल सुरू झाली आहे. आणि कधी करड्या-काळ्या पिल्लांची एकमेकांच्या अंगावर चढलेली गर्दी.

एकेक पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटरचं. पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर ठेवलं की क्षणभर थबकतं, मान उचलतं आणि चालू लागतं. पहिली लाट त्याला उलटं करून पुन्हा मागे आणून टाकते. ते सुलटं होतं, परत निघतं. इथे कुणीतरी हमखास कळवळून म्हणतं, ‘अहो, उचलून पाण्यात टाका ना!’ टाकायचं नसतं. त्याच्या पोटात अंड्यातल्या बलकाची शिदोरी असते. तिच्या बळावर ते न थांबता खोल पाणी गाठतं. वाळूवरची ही चाल त्याला स्वतःलाच चालू द्यायची. हजारातलं एखादंच मोठं होतं असा अंदाज सांगतात, म्हणून तर प्रत्येक पिल्लू न चिरडता पाण्यापर्यंत पोहोचायला हवं.

सगळ्या टोपल्या रिकाम्या निघाल्या तर कासवमित्रावर डाफरू नका. ‘एवढ्या लांबून आलोय, एक तरी दाखवा’ अशी हुज्जत मी ऐकली आहे. जणू पिल्लं आतल्या खोलीत ठेवलीत आणि हे द्यायला नाही म्हणताहेत.

४. दोरीच्या अलीकडे

पिल्लांच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधतात. ती ओलांडायची नाही, वाकून हात पुढे करायचा नाही. मुलांना पुढे बसवा, उंच माणसांनी मागे उभं राहावं. फ्लॅश बंद, टॉर्च बंद. उजळ क्षितिजाकडे जायचं एवढंच पिल्लाला ठाऊक असतं. मोबाइलचा दिवा लागला की ते समुद्र सोडून तुमच्या चपलांकडे वळतं. सेल्फीसाठी पिल्लू तळहातावर मागणारे दर वर्षी भेटतात. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तेव्हा मागूही नका आणि कुणी दिलं तर घेऊही नका.

रात्री जेवण झाल्यावर ‘जरा किनाऱ्यावर फेरी मारून येऊ’ हा मोह आवरा. अंडी घालायला वर येणारी मादी उजेड किंवा हालचाल दिसली की तशीच मागे फिरते.

५. दुसऱ्या किनाऱ्यावर माग दिसला तर

कासवं काही फक्त वेळासला येत नाहीत. आंजर्ले, गुहागर, दिवेआगर, सिंधुदुर्गात वायंगणी, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग अशा कितीतरी किनाऱ्यांवर ती चढतात. सकाळी फिरताना पाण्यातून निघून वर गेलेला आणि पुन्हा पाण्याकडे वळलेला, ट्रॅक्टरच्या चाकासारखा रुंद माग दिसला तर तो पुसू नका. टोकाशी खणून बघू नका. तिथे हॅचरी असेल तर त्यांना सांगा, नसेल तर वनखात्याला. ठिकाणासकट फोटो मात्र कुठे टाकू नका. अंडी चोरणाऱ्यालाही मोबाइल वापरता येतो.

६. जखमी कासव सापडलं तर

पावसाळ्यात जाळ्यात गुरफटलेली, थकलेली कासवं किनाऱ्याला लागतात. बघणाऱ्यांची पहिली धाव ती पाण्यात ढकलण्याकडे असते, आणि तेच घातक. थकलेलं कासव पाण्यात बुडून मरतं, कारण त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. त्याला सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. उताणं करू नका, तोंडात पाणी ओतू नका. कुत्री लांब ठेवा. सैल जाळं कापा, पण मांसात रुतलेलं ओढू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून किनारा, जवळची खूण आणि कासव जिवंत आहे की नाही हे सांगा. डहाणूला अशा कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे.

ओळखीत कुणी मच्छीमार असेल तर त्यांना आणखी एक गोष्ट सांगा. जाळ्यात आलेलं कासव सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर त्याची भरपाई मिळते, २५,००० रुपयांपर्यंत. २०१८ पासून ही योजना आहे. कापण्याआधी आणि सोडताना फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवला की पुढचं काम सोपं होतं.

आणि कासव जिवंत असो वा मेलेलं, त्याच्या वल्ह्यांसारख्या पुढच्या पायांवर, अभ्यासक ओळखीसाठी लावतात ती, आकडा कोरलेली धातूची पट्टी आहे का ते जरूर बघा. असेल तर उपटू नका, आकडा नीट दिसेल असा फोटो काढा आणि वनखात्याला कळवा. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची मादी कोकणात येऊन घरटं करते, हे त्या पट्टीवरच्या आकड्यामुळे कळलं.