गावाचं पान विकिपीडियावर लिहिताय? या चुका टाळा

चाकरमानी गणपतीला गावी येतो, रेंज मिळेल त्या कोपऱ्यात बसून फोनवर गावाचं पान उघडतो आणि भर घालतो : ‘ग्रामदैवत जागृत असून नवसाला पावते. गावाला निसर्गरम्य समुद्रकिनारा लाभला आहे.’ अनंत चतुर्दशीपर्यंत ते उडालेलं असतं. मग रागाने तेच परत टाकलं जातं आणि परत उडतं. काढणाऱ्याचं देवाशी किंवा गावाशी काही वाकडं नसतं. लिहिलेलं खरं आहे की नाही, हे परभणीत बसलेल्या वाचकाला पडताळता येत नाही, एवढीच अडचण असते. नव्या संपादकांची बरीचशी संपादनं याच कारणाने जातात.

‘जागृत’ काढा आणि त्या जागी देऊळ कुठल्या वाडीत आहे, जत्रा कुठल्या तिथीला भरते, पालखी कुठून कुठे जाते ते लिहा. ‘निसर्गरम्य’ काढा आणि किनारा किती लांब, वाळूचा की खडकाळ, कुठल्या खाडीच्या मुखाशी ते लिहा. आणि प्रत्येक ठिकाणी संदर्भ द्या. हापूसला ‘जगातला सर्वोत्तम आंबा’ म्हटलं की कोणीतरी ‘संदर्भ हवा’ची खूण लावणारच. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, हे वाक्य मात्र संदर्भासह टिकतं.

‘आमच्या आजोबांनी सांगितलंय’

सगळ्यात अवघड चूक हीच, कारण माहिती बहुतेकदा खरी असते. गावाचं नाव कसं पडलं, खोत घराणं कुठून आलं, कुठल्या विहिरीला कधी पाणी लागलं, हे गावातल्या जाणत्यांनाच ठाऊक असतं. पण जे आधी कुठेही छापून आलेलं नाही, ते विकिपीडियावर पहिल्यांदा छापता येत नाही. आधी ते स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात किंवा संपादित नियतकालिकात यायला हवं. मंडळाची स्मरणिका कमकुवत संदर्भ. वार्षिक सभा कधी झाली एवढ्यापुरती चालेल, किल्ला कोणी बांधला यासाठी नाही.

जुन्या माहितीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे (जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचे) खंड हाताशी ठेवा. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा १० वा खंड १८८० चा, कुलाबा (आजचा रायगड जिल्हा) आणि जंजिऱ्याचा ११ वा १८८३ चा. दोन्ही स्वामित्वहक्काबाहेर आहेत. इथेही एक खाच आहे : तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण, देवगड, वेंगुर्ले होतं, सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. गॅझेटियरमधलं जुन्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ किंवा लोकसंख्या आजच्या रत्नागिरीच्या पानावर चिकटवली की सगळंच चुकतं. लोकसंख्या लिहिताना जनगणनेचं वर्ष सोबत लिहाच, आणि पुस्तकाच्या संदर्भात पृष्ठ क्रमांक. ‘गॅझेटियरमध्ये आहे’ हा संदर्भ नव्हे.

संदर्भ असूनही वाक्य संदर्भाच्या पुढे धावतं तेव्हाही ते उडतं. उक्षी, बारसू, कशेळी, देवीहसोळ, कुडोपी इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. संभाव्य यादी म्हणजे दर्जा नव्हे, तरी ‘जागतिक वारसा स्थळ’ असं सर्रास लिहिलं जातं. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी, रायगड यांच्याबाबत तसं लिहिता येतं. हे किल्ले २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थळांच्या गटात जागतिक वारसा यादीत नोंदले गेले आहेत. ‘लवकरच’, ‘सध्या’, ‘नुकतेच’ हे शब्दही असेच फसवे. महिना-वर्ष लिहा.

दुसऱ्याचा मजकूर, दुसऱ्याचा फोटो

वृत्तपत्रातला परिच्छेद, पर्यटनाच्या संकेतस्थळावरची माहिती, किल्ल्यावरचा माहितीफलक : यातलं काहीही उचलून टाकू नका, दोन शब्द बदलूनही नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. मजकूर तुमचाच असेल पण आधी दुसरीकडे छापला असेल, तर मुक्त परवान्याची (कोणीही वापरावं अशी) परवानगी विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडियामागच्या संस्थेच्या, स्वयंसेवक गटाला ई-मेलने कळवावी लागते. नुसतं ‘मीच लिहिलंय’ पुरत नाही. इंग्रजी विकिपीडियावरून अनुवाद केलात तर संपादन सारांशात (जतन करताना बदलाबद्दल लिहायच्या ओळीत) मूळ पानाचं नाव द्या. आणि यंत्राने केलेला अनुवाद न वाचता जतन करू नका.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो कॉमन्सवर (विकिपीडियासाठीच्या फोटोंच्या सामायिक साठ्यावर) चढवणं हा हमखास काढला जाणारा प्रकार. तो दाबून लहान झालेला असतो, कॅमेऱ्याची नोंद पुसलेली असते, आणि मूळ कोणाचा ते कोणालाच माहीत नसतं. स्वतः काढलेला, पूर्ण आकाराचा फोटो द्या. सार्वजनिक जागेतल्या इमारतीचा किंवा कायमस्वरूपी पुतळ्याचा फोटो भारतात चालतो. भिंतीवरचं चित्र किंवा नकाशाचा फलक तसाच्या तसा टिपलेला चालत नाही.

पान आहे, पण सापडत नाही

इथे बहुतेकांचा वेळ वाया जातो. ‘किनाऱ्यावरील’, ‘जंजिऱ्याचा’ यांतला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठतो : एकात नुक्त्याचा ‘ऱ’, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण शीर्षक म्हणून वेगळे. दुवा विनाकारण तांबडा (म्हणजे ‘असं पान नाही’ असा) दिसतो आणि त्याच नावाचं दुसरं पान तयार होतं. ‘ॲ’चंही तसंच. उपाय : शीर्षक हाताने न टंकता मूळ पानावरून उचला, आणि दुसऱ्या रूपावर #पुनर्निर्देशन [[मूळ शीर्षक]] एवढंच लिहून जतन करा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर अक्षरांची खिचडी दिसते. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

एकाच नावाची गावं हा कोकणचा जुना घोळ. मुरुड रायगडात आहे, दापोली तालुक्यात आहे आणि लातूर जिल्ह्यातही आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे दापोलीकडच्या मुरुडचे, दुवा मात्र जंजिऱ्याजवळच्या मुरुडला जातो. दुवा देऊन एकदा टिचकी मारून पाहा. कंसात तालुका घालून [[मुरुड (दापोली)|मुरुड]] असं लिहिता येतं, अर्थात त्या शीर्षकाचं पान असेल तर.

नकाशावर गाव समुद्रात

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली की रत्नागिरी (सुमारे १७ उत्तर, ७३ पूर्व) नॉर्वेच्या उत्तरेला, भर समुद्रात जाऊन पडते. दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही : १६ अंश ३० मिनिटं म्हणजे १६.५०, १६.३० नव्हे. तेवढ्याने गाव सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकतं. माहितीचौकटीच्या या रकान्यांत इंग्रजी अंक घाला. मराठी अंकांची आकडेमोड साच्याला (चौकट तयार करणाऱ्या नमुन्याला) जमत नाही आणि लाल अक्षरात त्रुटी येते. संदर्भाच्या यादीत लाल अक्षरं दिसली तर आधी संदर्भाचा टॅग बंद केलाय का ते पाहा, मग एकाच नावाने दोन वेगळे संदर्भ दिलेत का ते.

पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात, म्हणून मोठा मजकूर फोनच्या नोंदवहीत लिहून ठेवा आणि एकेक विभाग जतन करा. एकाच वेळी दुसऱ्याने तेच पान बदललं तर संघर्षाची सूचना येते. वरचा मजकूर पुसून आपला टाकू नका, दोन्ही एकत्र करा. लॉगइन न करता मोबाइल डेटावरून लिहिताना ‘बंदी’ दिसली तर ती बहुधा तुमच्यावर नसते, त्या पत्त्यावरून आधी कोणीतरी केलेल्या उपद्रवावर असते. खाते उघडून लॉगइन करा.

तरीही उडालंच तर

आधी पानाचा इतिहास उघडा. काढणाऱ्याने संपादन सारांशात कारण लिहिलेलं असतं. पटत नसेल तर तेच परत टाकू नका. पानाच्या चर्चा पानावर संदर्भासह मुद्दा मांडा आणि शेवटी चार तरंगचिन्हं (~~~~) टाकून सही करा. ही चिन्हं लेखात टाकायची नाहीत. होमस्टे, बोटिंग, स्वतःची संस्था यांबद्दल लिहायचं असेल तर संबंध आधीच जाहीर करा आणि बदल थेट न करता चर्चा पानावर सुचवा. दूरध्वनी क्रमांक आणि दरपत्रक तर नकोच. पूर्ण पानच गेलं असेल तर चावडीवर (सगळ्यांच्या सामायिक चर्चा पानावर) किंवा प्रचालकाला (पानं काढण्याचे अधिकार असलेल्या सदस्याला) विचारा : मसुदा तुमच्या सदस्य पानाखालच्या धूळपाटीवर (कच्च्या लेखनाच्या पानावर) हलवून मिळू शकतो, तिथे संदर्भ जोडून मग परत आणता येतो. दुसरीकडून उचललेला मजकूर मात्र असा परत मिळत नाही.