मोठे यान माणसांसह मंगळावर कसे उतरवावे?

२०२१ मध्ये मंगळावर उतरलेला पर्सिव्हिअरन्स रोव्हर जेमतेम १ टनाचा होता, आणि त्याला २१.५ मीटर व्यासाचे पॅराशूट लागले. माणसे आणि त्यांचे सामान नेणारे यान निदान २० टनांचे असेल. यान मोठे होते तसे वजन घनाच्या पटीत वाढते, पण हवा अडवणारे क्षेत्रफळ वर्गाच्याच पटीत. त्यात मंगळावरची हवा पृथ्वीच्या साधारण १ टक्का दाट. तेव्हा पॅराशूटचा नाद सोडा.

आधी हवेकडून होईल तेवढे काम करून घ्या. यान सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने येते. यातला बहुतेक वेग उष्णतारोधक कवचानेच मारायचा. यान थोडे तिरके धरले की उचल मिळते आणि हवेत जास्त वेळ राहता येते. उतरण्याची जागा सखल निवडा, म्हणजे वर हवेचा थर जाड मिळतो.

आता इंजिने पेटवा, आणि तीही वेग ध्वनीपेक्षा जास्त असतानाच. खरी कसोटी इथे आहे. एकच मोठे इंजिन मधोमध ठेवले तर त्याचा झोत समोरची हवा बाजूला सारतो आणि हवेचा फुकटचा रोध जवळपास नाहीसा होतो. म्हणून इंजिने कडेला बसवणे मला जास्त पटते. तिथे काही रोध टिकतो. हे स्वप्नरंजन नाही. २०१३ पासून फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा परत खाली येताना पृथ्वीच्या वरच्या विरळ हवेत ध्वनीपेक्षा जास्त वेगात इंजिने पेटवत आला आहे, आणि ती हवा मंगळासारखीच असते.

इंजिने फार आधी पेटवू नका. ५० टनांचे यान मंगळावर नुसते तरंगत ठेवायलाही सेकंदाला सुमारे ५० किलो इंधन जळते. तरी जागा बदलावी लागली तर थोडे इंधन राखून ठेवाच. आत माणसे आहेत.

शेवटची भीती धुळीची. १९६९ मध्ये अपोलो १२ चंद्रावर उतरले तेव्हा उडालेल्या कणांनी सुमारे १६० मीटरवर आधीपासून उभे असलेले सर्व्हेयर ३ हे मानवरहित यान घासून काढले होते. त्यामुळे वस्तीपासून बरेच लांब उतरा. इंजिने शक्य तितकी उंच आणि बाहेरच्या बाजूला कललेली ठेवा, नाहीतर झोत पायांखालीच खड्डा खणेल. अपोलोच्या चांद्रयानाच्या पायांखाली सुमारे पावणेदोन मीटरच्या काठ्या लोंबत. त्या जमिनीला टेकल्या की आत दिवा लागे आणि अंतराळवीर इंजिन बंद करत. तशी सोय इथेही ठेवा, फक्त इंजिन बंद करण्याचे काम संगणकाकडे द्या.