भाड्याच्या ट्रेलरवर कार न्यायची आहे? या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला आम्ही बिऱ्हाड हलवलं तेव्हा सामान कंटेनरमधून गेलं. दुसरी गाडी, म्हणजे कॅमरी, भाड्याच्या ट्रेलरवर चढवून मी मोठ्या एसयूव्हीने ओढत नेली. आय-८१ महामार्गावर व्हर्जिनियातल्या एका उतारावर शेजारून एक ट्रक वेगात पुढे गेला आणि आरशात कॅमरीचं तोंड डावीकडे सरकलेलं दिसलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. शेजारून बायको म्हणाली, "अरे, मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटतंय." स्पीडोमीटरवर ६६ मैल होते. आम्ही सुखरूप थांबलो, पण त्या दहा-बारा सेकंदांनंतर मी या विषयात जे शिकलो ते, निघायच्या आधी कोणीतरी मराठीत सांगायला हवं होतं असं मला वाटतं. इथे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोकरीसाठी जाणारी आपली बरीच कुटुंबं हेच करतात.

"एवढी मोठी गाडी आहे, ओढेल की!"

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. मोठं इंजिन ओढतंच. प्रश्न मागच्या चाकांवर आणि हिचवर (गाडीच्या मागचा, ट्रेलर अडकवायचा लोखंडी जोड) किती भार येतो आणि तो सगळा पसारा थांबतो कसा, याचा असतो. जाहिरातीत लिहिलेला ओढण्याच्या क्षमतेचा ८,००० पौंडांचा आकडा वाचून निर्धास्त होऊ नका. बुकिंग करण्याआधी कागद-पेन घेऊन बेरीज करा.

यू-हॉल या ट्रेलर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा कार नेण्याचा चार चाकी ट्रेलर रिकामाच २,२१० पौंडांचा, म्हणजे हजार किलोंचा असतो. त्यावर जास्तीत जास्त ५,२९० पौंडांची गाडी चालते. कॅमरी साधारण ३,४०० पौंड धरली, तर मागे ५,६१० पौंड झाले. त्यातला दहा ते पंधरा टक्के भार ट्रेलरच्या दांडीतून थेट तुमच्या हिचवर उतरतो. याला इथे टंग वेट म्हणतात. आपल्या हिशोबात तो ५६० ते ८४० पौंड होतो.

आता ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. समजा तिथे १,४०० लिहिलंय. चार माणसांचे ६०० धरा, डिकीतल्या बॅगा, कुकर आणि धान्याचे डबे मिळून ४००. उरले ४००. टंग वेट मात्र कमीत कमी ५६०, कारण तेही याच १,४०० मध्ये मोजायचं असतं. म्हणजे ओढायची क्षमता भरपूर शिल्लक असतानाही गाडी ओव्हरलोड झाली. एसयूव्हीची डिकी रिकामी ठेवा, किंवा दोन माणसांना विमानाने पाठवा.

दुसरा स्टिकर हिचच्या रिसीव्हरवर, म्हणजे बंपरखालच्या चौकोनी नळीवर असतो आणि तो वाचायला वाकावं लागतं. त्यावर बहुधा दोन आकडे असतात. एक साध्या बॉलवर (ज्यावर ट्रेलर अडकतो तो लोखंडी गोळा) नुसता भार घेण्यासाठीचा आणि दुसरा भार वाटून देणारा खास हिच लावला तर चालणारा. भाड्याच्या ट्रेलरला आपण साध्या बॉलवरच जोडतो, म्हणून आपल्यासाठी पहिला, लहान आकडा खरा. तो ५,००० असेल तर वरची कॅमरी ट्रेलरसकट त्यात बसत नाही, जाहिरातीतला आकडा काहीही असो.

आणि ओढण्यासाठी एसयूव्हीच भाड्याने घ्यायचा विचार असेल तर करार आधी वाचा. बहुतेक कार-रेंटल कंपन्या त्यांच्या गाडीने काहीही ओढायला मनाई करतात.

धुरजड की उलाळ?

ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना ट्रेलरचं शास्त्र निम्मं येतंच. ओझं जरा पुढे, जुवाच्या बाजूला असलं की गाडी धुरजड आणि मागे जास्त झालं की उलाळ. उलाळ गाडीचं जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो. ट्रेलरचंही तसंच. दांडीवरचा भार कमी पडला की मागची बाजू शेपटासारखी हलायला लागते. वाऱ्याचा झोत, शेजारून जाणारा ट्रक, उतार, यातलं काहीही निमित्त पुरतं. म्हणून ट्रेलर नेहमी जरा धुरजड हवा.

यातूनच दोन नियम येतात. कार ट्रेलरवर तोंड पुढे करूनच चढवायची, कारण बहुतेक गाड्यांचं जड इंजिन पुढे असतं. उलटी चढवली की सगळा तोल गेला. आणि कारमध्ये सामान भरायचं नाही. मी नेमकं तेच केलं होतं. कॅमरीच्या डिकीत पुस्तकांची सहा खोकी आणि वेट ग्राइंडर होता, सगळं मागच्या आसाच्या मागे. त्या दिवशी पुढच्या एक्झिटला उतरून ग्राइंडर एसयूव्हीत पुढच्या सीटच्या पायाशी ठेवला आणि पुस्तकं जवळच्या पोस्टातून मीडिया मेलने, म्हणजे पुस्तकांसाठीच्या स्वस्त टपालाने पाठवली. त्यानंतर शार्लटपर्यंत ट्रेलर एकदाही डुलला नाही. अर्थात वेगही मी ५५ वर आणला होता, त्यामुळे सगळं श्रेय खोक्यांना देता येणार नाही.

ट्रेलर डुलायला लागलाच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टीअरिंग घट्ट आणि सरळ धरा आणि वेग आपोआप कमी होऊ द्या. ब्रेक मारू नका, उलट दिशेने स्टीअरिंग फिरवू नका आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ होईल या आशेवर तर मुळीच राहू नका. त्या क्षणी हात आपोआप फिरतात, म्हणून हे घरीच चार वेळा मनात घोळवून ठेवा. नंतर थांबून कारण शोधा. तसंच पुढे गेलात तर पुढच्या उतारावर पुन्हा तेच होईल.

वेगाबद्दल वाद नको. यू-हॉलची मर्यादा ५५ मैलांची आहे, ती ट्रेलरवरच लिहिलेली असते. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या कुठल्याही गाडीला कायद्यानेच ५५ आहे. तुमचा मॅप ७० च्या हिशोबाने वेळ दाखवतो, त्यामुळे दहा तासांचा प्रवास तेरा तासांचा धरा आणि वाटेत मुक्काम ठरवून ठेवा.

जोडणी स्वतः तपासा

दुकानातला माणूस जोडून देतो, पण घाईच्या दिवशी त्याच्याकडून राहू शकतं. बॉलच्या माथ्यावर त्याचं माप आणि क्षमता कोरलेली असते, ती वाचा. दोन इंची कपलरमध्ये (दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) पावणेदोनच्या जरा पुढचा, म्हणजे १ पूर्णांक ७/८ इंचाचा बॉलही बसल्यासारखा वाटतो आणि मोठ्या खड्ड्यात निसटू शकतो. जोडून झालं की ट्रेलरचा जॅक फिरवून दांडी वर उचला. एसयूव्हीची मागची बाजू सोबत वर आली तर पकड खरी, नुसती दांडी वर आली तर पुन्हा जोडा.

साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून फुलीसारख्या लावायच्या. वळणावर ताण येणार नाही इतपत सैल हव्यात, पण रस्त्याला घासता कामा नयेत. कोरड्या गवताच्या भागात घासणाऱ्या साखळीच्या ठिणग्यांनी वणवे लागलेले आहेत.

मोठ्या एसयूव्हीला सहसा सात पिनांचं सॉकेट असतं आणि भाड्याच्या ट्रेलरची वायर बरेचदा चार पिनांची. ॲडाप्टर आदल्या दिवशीच आणून ठेवा. एकच दिवा लागत नसेल तर बल्ब किंवा गंजलेलं अर्थिंग बघा. सगळेच बंद असतील तर एसयूव्हीच्या फ्यूजबॉक्समधला ट्रेलरचा वेगळा फ्यूज बघा.

कारला हँडब्रेक, गिअर पार्कमध्ये, पुढच्या चाकांवर पट्टे आणि खालून साखळ्या. पट्टे पाच मैलांनी थांबून पुन्हा आवळा. टायर पट्ट्यात नीट बसला की ते हमखास सैल पडतात. पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या हबजवळ तळवा न्या. बाकीच्यांपेक्षा एकच जास्त तापलं असेल तर तिथे बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय, आणि मग कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन करायचा.

रस्ता आणि घाट

मॅपला तुमच्या मागे ट्रेलर आहे हे माहीत नसतं. न्यूयॉर्कचे पार्कवे आणि कनेक्टिकटचा मेरिट पार्कवे यांवर ट्रेलरला बंदी आहे, तरी मॅप खुशाल तिकडे वळवतो. टोलही आसांवर लागतो. दोन आसांचा ट्रेलर जोडला की तुम्ही चार आसांचे झालात.

या ट्रेलरना सर्ज ब्रेक असतात. एसयूव्ही मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या धक्क्यानेच त्याचे ब्रेक लागतात. म्हणून लांब उतारावर ब्रेक चेपून धरला तर दोन्हीकडचे तापतात. आय-७७ वरचा फॅन्सी गॅप हा व्हर्जिनियातून नॉर्थ कॅरोलायनात उतरणारा घाट असाच आहे, शिवाय तिथे धुकंही दाटतं. एसयूव्हीचा टो मोड (ट्रेलर ओढतानाची सेटिंग) लावा आणि उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्या. ब्रेक लागेल तेव्हा नीट दाबून वेग उतरवा, मग सोडा.

रिव्हर्स शक्यतो टाळाच. पंपावर ट्रक-आरव्हीच्या बाजूने आत शिरा म्हणजे सरळ बाहेर पडता येतं. घ्यायचाच झाला तर स्टीअरिंग अगदी खाली, सहाच्या काट्यावर धरा. हात ज्या बाजूला न्याल, ट्रेलर त्या बाजूला जातो.

विम्याचा फोन निघण्याआधी करा. तुमच्या पॉलिसीत ट्रेलरच्या नुकसानीचं आणि वर ठेवलेल्या कारचं काय, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

पोहोचल्यावर दमलेलो असतो, आणि शेवटची चूक तिथे होते. एसयूव्ही आधी मोकळी करून मग कार उतरवू, असं वाटतं. पण कार मागे सरकत रॅम्पवर आली की सगळं ओझं मागे जातं, दांडी वर उसळते आणि ट्रेलर जागच्या जागी उलाळतो. म्हणून सपाट जागा बघा, एसयूव्हीला हँडब्रेक लावा आणि कारची चारही चाकं जमिनीवर येईपर्यंत ट्रेलर हिचला जोडलेलाच राहू द्या.