आजोबांचा नांगर कुर्त्यावर छापू नका

शेतकरी घरातल्या मुली त्यांचं पहिलं कलेक्शन दाखवायला येतात आणि पहिल्याच कुर्त्यावर बैलगाडी असते. दुसऱ्यावर नांगर. आमच्या यवतमाळकडे बाई कापूस वेचायला जाते तेव्हा तिच्या अंगावर काय असतं, असं विचारलं की गप्प. लुगड्यावर नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा शर्ट असतो; ऊन लागतं, पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड ओरबाडतं. पुढे कापूस टाकायला बांधलेली ओटी. ती सैल बाही आणि तो ओटीचा खिसा, एवढ्यात अख्खं कलेक्शन आहे. मी कागदावर रेघ मारण्याआधी काकूचा शर्ट उसवून बघते, कुठे कुठे विरलाय ते.

हळदीची चूक मात्र माझी स्वतःची. पहिल्या प्रदर्शनात घरच्या हळदीत रंगवलेले बावीस कुर्ते तीन दिवस उघड्या मंडपात टांगले होते. तिसऱ्या संध्याकाळी बघते तर खांदे दुधट आणि बगलेत पिवळंधमक. एका बाईंनी विचारलं, "हे डिझाइनच आहे का?" मी हो म्हणाले. त्यांनी घेतलाही. अजून आठवलं की कान तापतात. हळद उन्हात उडते, कितीही तुरटी घाला. पिवळ्यासाठी मी आता डाळिंबाची साल वापरते. आधी खळ निघेपर्यंत कापड सोड्यात उकळायचं, मग हिरडा, मग तुरटी, मग रंग. दोन दिवस मोडतात. "ताई, हिरडा नाही दिला तर?" नको देऊस. पहिल्या धुण्यात बादली रंगेल.

काळ्या रंगासाठी गंजलं लोखंड भिजवलेलं पाणी जास्त झालं तर सूत कुजतं. हातमागाचं कापड धुतल्याशिवाय बेतू नका, आटतं. पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवून 'मातीत मिसळणारा कुर्ता' म्हणू नका.

राहिला 'आमच्या शेतातला कापूस' हा टॅग. बाबांची गाडी जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, रिकामी झाली की तो कापूस तालुक्याच्या ढिगात गेला. 170 किलो रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो, आणि तेवढ्याच कापसाची सरकी वेगळी काढून देणारा जिनवाला आधी शोधावा लागतो. शिवाय 2002 मध्ये बीटी या जनुक बदललेल्या कापसाला परवानगी मिळाल्यापासून बहुतेक शेतांत तेच बियाणं आहे, त्याला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळत नाही. माझ्या टॅगवर फक्त विणकराचं गाव असतं.