सोलरचे कोटेशन खुल्या आकडेवारीवर कसे ताडून पाहावे: कोल्हापुरातल्या छतासाठी

सोलर बसवणारा व्हेंडर घरी येतो, गच्चीवर एक चक्कर मारतो आणि सांगतो, "तीन किलोवॉट बसवा, लाईट बिल शून्य." हे खरे की फुगवलेले, हे तपासायला इंजिनिअर असावे लागत नाही. लागणारे सगळे आकडे फुकट मिळतात. अडचण वेगळीच असते. आकडा सापडतो, पण तो कोणत्या एककात आहे, कोणत्या तारखेचा आहे आणि केवढ्या भागाचा आहे हे न बघता लोक त्याचा गुणाकार करून मोकळे होतात.

एक मोबाइल किंवा लॅपटॉप, एक्सेलसारखे कोणतेही स्प्रेडशीट, मागच्या वर्षाची वीजबिले आणि दोन तास एवढे पुरे. छतावर किती वीज तयार होईल हे सांगणाऱ्या पीव्हीजीआयएस या संकेतस्थळासाठी मात्र शक्यतो लॅपटॉपच घ्या, मोबाइलवर नकाशा आणि फॉर्म एकमेकांवर येतात.

आधी बिल

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांचे युनिट एका रकान्यात उतरवून घ्या. सरासरी लगेच काढू नका. एप्रिल-मेचा पंखा आणि कूलर, डिसेंबरचा गिझर, हे वेगवेगळे दिसायला हवेत, कारण सूर्यही वर्षभर सारखा नसतो.

बिलाची फोडही पाहा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर १६ टक्के वीज शुल्क. सोलर कितीही मोठे बसवले तरी स्थिर आकार जात नाही. "बिल शून्य" या शब्दांत पहिली खोट इथेच आहे.

छताचे उत्पादन: पीव्हीजीआयएस

युरोपियन कमिशनच्या जॉइंट रिसर्च सेंटरने चालवलेले हे संकेतस्थळ भारतासाठीही चालते, नोंदणी लागत नाही. नकाशावर आपले घर शोधा किंवा अक्षांश १६.७० आणि रेखांश ७४.२४ टाका, म्हणजे कोल्हापूर शहर येते. मग 'ग्रिड कनेक्टेड' हा पर्याय उघडून पुढील गोष्टी भरा.

'इन्स्टॉल्ड पीक पॉवर' मध्ये १ टाका, ३ नव्हे. एका किलोवॉटचा आकडा हातात असला की पुढे दोन, तीन, साडेतीन काहीही मोजता येते.

'सिस्टिम लॉस' मध्ये १४ आधीच भरलेले असते. शहरात ते ठीक आहे. साखर कारखान्याच्या किंवा गुऱ्हाळाच्या आसपास, किंवा जिथे उसाचे पाचट पेटवतात अशा गावात गळीत हंगामात पॅनेलवर काजळीचा थर बसतो. तिथे १६ ते १८ धरा. पीव्हीजीआयएसचे आकडे उपग्रहावरून येतात आणि उपग्रहाला ही काजळी दिसत नाही.

'स्लोप' म्हणजे पॅनेलचा कल, १७ अंश. अक्षांशाच्या जवळपासचा कल वर्षभरासाठी चांगला. व्हेंडर १० अंश सांगत असेल तर तोही टाकून पाहा. वर्षाच्या उत्पादनात फरक फार थोडा पडतो, पण वारा कमी लागतो आणि स्ट्रक्चर स्वस्त होते. १० अंशांच्या खाली मात्र पावसाने धूळ नीट धुऊन जात नाही, खालच्या कडेला साचते.

'अ‍ॅझिमथ' म्हणजे दिशा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. पीव्हीजीआयएसमध्ये दक्षिण म्हणजे ०, पूर्व म्हणजे उणे ९०, पश्चिम म्हणजे ९०. याच कामाच्या अमेरिकेच्या पीव्हीवॉट्स या संकेतस्थळावर मात्र दक्षिण म्हणजे १८०. तिथली सवय इथे आणून १८० टाकले तर तुमची पॅनेल्स उत्तरेकडे तोंड करून बसतात आणि वर्षाचे उत्पादन दहा टक्क्यांहून जास्त खाली येते. संकेतस्थळ कसलीच तक्रार करत नाही.

'माउंटिंग पोझिशन' मध्ये स्लॅबवर उंच स्ट्रक्चर असेल तर 'फ्री-स्टँडिंग' निवडा. पॅनेल थेट पत्र्याला चिकटून बसणार असतील तर दुसरा पर्याय. खालून हवा खेळली नाही की पॅनेल तापते, आणि तापलेले पॅनेल कमी वीज देते.

आता उत्तर बघा. एका किलोवॉटमागे वर्षाला १,४०० ते १,७०० युनिट यायला हवेत. आकडा याबाहेर गेला तर आधी दिशा, मग कल, मग अक्षांश-रेखांशाची अदलाबदल तपासा. नंतर जागतिक बँकेच्या 'ग्लोबल सोलर अ‍ॅटलास' मध्ये तोच बिंदू उघडून 'पीव्हीआउट', म्हणजे एका किलोवॉटमागचे उत्पादन, बघा. दोन्ही आकडे थोडेफार वेगळे येतील, आणि येऊ द्या. त्यातला कमी तो आपला. व्हेंडर "रोज एका किलोवॉटला ५ युनिट" म्हणत असेल, तर ते १,८२५ होतात. मार्च-एप्रिलच्या चांगल्या दिवसाला हे खरे, वर्षाच्या सरासरीला नाही. वर्षाला सरासरी रोज ४ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १२०, हे हिशेबाला धरावे.

महिनावार आलेख सीएसव्ही, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये उघडणारी फाइल, म्हणून उतरवून घ्या. जुलै-ऑगस्टचे खांब मार्चच्या मानाने किती खुजे आहेत ते नजरेत भरते. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावरून वाहते, त्या आठवड्यांत छतावर फारसे काही पिकत नाही.

जे कोणत्याच डेटात नाही: सावली

पीव्हीजीआयएस डोंगरांची सावली धरते. शेजारच्यांची तीन मजली इमारत, पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि नारळ त्याला ठाऊक नसतात. हे टेपने मोजावे लागते.

डिसेंबरच्या २१-२२ तारखेला कोल्हापुरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ५० अंशांवर असतो. त्या वेळी २ मीटर उंचीच्या टाकीची सावली उत्तरेकडे साधारण १.७ मीटर पडते, सकाळी नऊला याहून बरीच लांब. म्हणून टाकीच्या दक्षिणेची जागा पॅनेलला द्यावी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या काळात सावली दक्षिणेला वळते, पण आखूड असते आणि आभाळही बहुतेक भरलेलेच असते. तिचा फार विचार करू नये. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर जरी सावली पडली तरी पूर्ण ओळीला फटका बसू शकतो, म्हणून डिसेंबरची सावली टाळणे महत्त्वाचे.

दर: आदेशाचा कागद उघडा

युनिटचा दर बातमीतून घेऊ नका. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या संकेतस्थळावर दर आदेश पीडीएफमध्ये असतात. शेकडो पाने पाहून घाबरायचे कारण नाही, दरपत्रक शेवटच्या परिशिष्टांत असते आणि आपल्याला फक्त 'लघुदाब निवासी' हा तक्ता हवा.

तारीख मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. महावितरणसाठी आयोगाने २८ मार्च २०२५ रोजी आदेश दिला, काही दिवसांतच त्याला स्वतःच स्थगिती दिली आणि २५ जूनला फेरविचाराचा आदेश काढला. शोधयंत्रात मार्चचा कागद आधी येतो. म्हणून ज्या आदेशाचा आधार घ्याल त्याचा प्रकरण क्रमांक टाकून पुढे काही घडले का ते पाहा आणि शेवटी आपल्या ताज्या बिलावरच्या दराशी जुळवा. जुळला नाही तर बिल खरे धरा.

घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. सोलरमुळे वाचतात ते वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातले युनिट आधी. बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढून बचत मोजली की उत्तर चुकते.

समजा राजारामपुरीतल्या एका घराचा एप्रिलचा वापर ३४० युनिट आहे. २ किलोवॉटने साधारण २४० युनिट दिले. उरले १००. म्हणजे तिसऱ्या टप्प्यातले ४० आणि दुसऱ्या टप्प्यातले २०० वाचले. प्रत्येक टप्प्यातल्या वीज आकारात वहन आकार मिळवा, युनिटने गुणा आणि येणाऱ्या रकमेला १.१६ ने गुणा. ही खरी बचत. तिसरा किलोवॉट लावला तर तो आता पहिल्या टप्प्यातले स्वस्त युनिट खाणार.

आणि अनुदानही तसेच उतरते. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे काही नाही. एकूण मर्यादा ७८,०००. म्हणजे तिसऱ्या किलोवॉटची किंमत जास्त आणि बचत कमी. महिन्याला ३५० च्या आत वापर असलेल्या घराने तीनचे कोटेशन आले तरी दोनचाही हिशेब मागावा. पुढे एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे तुम्ही दिलेले युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा होतात त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंतच. ३१ मार्चला शिल्लक राहिलेले युनिट आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतले जातात, तुमच्या बिलाच्या दराने नव्हे. कोल्हापूरच्या हवामानाला हे अर्धे सोयीचे आहे. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते, पण हिवाळ्यात साठलेली मार्चअखेर आयोगाच्या दराने निघून जाते. महिनावार उत्पादन आणि महिनावार वापर शेजारी मांडून एप्रिलपासून शिल्लक पुढे ओढत नेली, की मार्चला किती उरतात ते दिसते. फार उरत असतील तर सिस्टिम गरजेपेक्षा मोठी.

सरकारी आकडे वाचताना

घरापुरते एवढे बस. धोरणाबद्दल लिहायचे-बोलायचे असेल तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मासिक अहवाल, नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे राज्यवार तक्ते, देशाचे वीजजाळे सांभाळणाऱ्या ग्रिड इंडियाचे रोजचे अहवाल आणि नीती आयोगाचा हवामान व ऊर्जा डॅशबोर्ड ही चार ठिकाणे पुरतात. ते वाचताना होणारे गोंधळ ठरलेले आहेत.

क्षमता आणि निर्मिती यांची गल्लत सर्वांत मोठी. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी जिवाश्मेतर, म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून इतर स्रोतांची, झाली. याचा अर्थ निम्मी वीज तशी येते असा नाही. १ मेगावॉट सोलर आपल्याकडे वर्षाला सुमारे १५ लाख युनिट देते. वर्षभर पूर्ण ताकदीने चालले असते तर ८७.६ लाख झाले असते. शिवाय 'जिवाश्मेतर' मध्ये अणुऊर्जाही मोजतात.

दुसरे, कोयना. २५ मेगावॉटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्प मार्च २०१९ पासून नवीकरणीय मानले जातात. त्याआधीचा तक्ता आणि नंतरचा तक्ता शेजारी ठेवून "महाराष्ट्राने झेप घेतली" म्हणू नका. १,९६० मेगावॉटची कोयना नुसत्या व्याख्येने आत-बाहेर होते.

तिसरे, नवीकरणीय म्हटले की लोकांना पॅनेलच दिसतात, पण आपल्या जिल्ह्याचा वाटा बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, रकान्यात शोधावा लागतो. कारखान्यांची सहवीजनिर्मिती तिथे असते आणि ती मुख्यतः गळीत हंगामात चालते, त्यामुळे ऑगस्टचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये.

एकके: १ एमयू म्हणजे १० लाख युनिट, १ टेरावॉट-तास म्हणजे १०० कोटी युनिट. भारतीय तक्ते एप्रिल ते मार्च, आंतरराष्ट्रीय बहुतेक जानेवारी ते डिसेंबर. जुन्या मराठी पीडीएफमधून मजकूर उचलल्यावर अगम्य अक्षरे आली तर तो युनिकोडपूर्व फॉन्ट आहे. अशा वेळी आकडे हाताने टाइप करावेत.

बसवल्यानंतर: चालू महिन्याची परीक्षा

पीव्हीजीआयएस सरासरी सांगते. या महिन्यात सिस्टिम नीट चालली का, हे विचारायला नासाचे 'पॉवर' संकेतस्थळ वापरा, तिथे काही दिवसांपूर्वीपर्यंतचा सूर्यप्रकाश मिळतो. 'सिंगल पॉइंट' निवडा, गट 'रिन्यूएबल एनर्जी' ठेवा आणि जमिनीवर पोचणाऱ्या एकूण सौर प्रारणाचे दैनिक आकडे सीएसव्हीत घ्या. गट चुकून 'अ‍ॅग्रोक्लायमॅटॉलॉजी' राहिला तर आकडे मेगाज्यूलमध्ये येतात, १८-२० असे. त्यांना ३.६ ने भागा. माहिती नसलेल्या दिवसासाठी फाइलमध्ये उणे ९९९ असते, सरासरीच्या आधी ते पुसा.

इथला प्रत्येक आकडा एका चौकोनाची सरासरी असतो, आणि तो चौकोन साधारण एक अंशाचा, म्हणजे शंभरेक किलोमीटरचा असतो. गगनबावड्याचा धुवांधार आणि शिरोळचा कोरडा भाग एकाच चौकोनात पडू शकतात. म्हणून याचा थेट आकडा वापरू नका, गुणोत्तर वापरा. या जुलैची सरासरी भागिले मागच्या दहा-पंधरा जुलैंची सरासरी. येईल त्या गुणोत्तराने पीव्हीजीआयएसच्या जुलैला गुणा. समजा गुणोत्तर ०.८ आले आणि पीव्हीजीआयएस किलोवॉटमागे ९० युनिट म्हणत होते, तर अपेक्षा ७२ ची. जनरेशन मीटर ७० दाखवत असेल तर सिस्टिम ठणठणीत आहे, आभाळाला दोष द्या. ५० दाखवत असेल तर आधी पॅनेल धुवा, मग इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये एखादी स्ट्रिंग, म्हणजे जोडलेल्या पॅनेलची ओळ, बंद पडली आहे का ते पाहा, आणि तक्रार करताना हाच तक्ता व्हेंडरला पाठवा.